बोसनकाकांची कोरियन मालिका

बोसनकाका कुठल्याही गोष्टीकडे नुसतं बघत नसत, तिची तपासणी करत. मग तो बाजारातून आणलेला बांगडा असो, शेजाऱ्याने घातलेला नवा दगडी गडगा असो, नाहीतर लग्नातली नवरी. तपासणी झाली की आधी गुण सांगायचे, मग दोष. त्यांच्या माडीवरची खोली भाड्याने घ्यायला मी गेले तेव्हा माझीही तपासणी झाली. "गुण म्हणजे सांगितलेल्या वेळेला आली," ते माझ्यादेखत काकींना म्हणाले. "दोष म्हणजे चपला वाटेत काढल्यान." मी मुकाट्याने चपला सरळ केल्या आणि खोली मिळाली.

काका मालवाहू जहाजावर बोसन होते, म्हणजे डेकवरच्या खलाशांचे मुकादम. वर्षातले दहा महिने समुद्रावर आणि दोन घरी. निवृत्त झाल्यावर भाट्याच्या खाडीकडे उतरणाऱ्या रस्त्यावरच्या त्या घरालाच त्यांनी जहाज करून टाकलं होतं. खिडकीच्या गजाला गंज दिसला की खरवडायला बसत. दोरीवरचे कपडे वाऱ्याची दिशा बघून वाळत घालायला लावत. काकी सगळं ऐकून घ्यायच्या आणि बोलायच्या फार थोडं. दोघांमधलं बोलणं "मीठ बेताचं आहे", "सिलिंडर संपला", "ढग आलेत" एवढ्यावर भागत असे. जन्मभर वर्षाला दोन महिन्यांचा संसार केलेल्या माणसांना बारा महिने काय बोलायचं, हे बहुधा सुचत नसावं.

एका मे महिन्यात काका पन्हळातला पाचोळा काढताना शिडीवरून पडले. भर समुद्रात डोलकाठीवर चढलेला माणूस आपल्याच अंगणात पाच फुटांवरून पडला, याचा त्यांना पायापेक्षा जास्त त्रास झाला. प्लास्टर घातलं, आणि तपासायला समोर फक्त भिंत उरली. त्यांची करमणूक व्हावी म्हणून मी सहज म्हटलं, "काका, मी एक कोरियन मालिका बघते, लावून देऊ?"

"कोरिया?" काका उशीवर सरसावले. "अगो, बुसानला मी किती वेळा गेलोय!"

काकांचं बुसान म्हणजे बंदराचं फाटक, फाटकाजवळचा फोन आणि समोर सूप विकणारी एक म्हातारी. पण तेवढ्या अधिकारावर ते कोरियाचे जाणकार झाले. मालिका हिंदीत होती. नायक जहाजं बांधणाऱ्या कारखान्याचा वारस आणि नायिका एका गल्लीत लहानशी बेकरी चालवणारी. पहिल्याच भागात नायक केस उडवत कारखान्यात शिरला. "दोष!" काका ओरडले. "डोक्यावर हेल्मेट नाय. वरून बोल्ट पडला म्हणजे मालिका इथेच संपली."

तिथून रोज संध्याकाळी चहानंतर एक भाग, असा परिपाठ पडला. गुण ते मोकळ्या मनाने द्यायचे. "जेवतात बघ कशी! आपल्या मालिकांत ताटं वाढतात आणि भांडून उठून जातात. इथे भांडण असलं तरी आधी सूप पितात." शिवाय सोळा भागांत संपणार, याचं त्यांना फार कौतुक. "सोळा म्हटलं की सोळा. हिची ती मराठी मालिका सुरू झाली तेव्हा मी नोकरीत होतो. ती सून अजून जिन्यावर उभी आहे."

दोषांना मात्र अंत नव्हता. नायिका दर भागात एकदा तरी पाय घसरून नायकाच्या हातांत पडायची. "हिला तोल कसा तो नाय. डेकवर एक दिवस टिकायची नाय." पाऊस आला की दोघांत एकच छत्री. "एवढा मोठा कारखाना, आणि छत्री एक!" सहाव्या भागात नायकाने तिचा हात धरला तेव्हा काकांनी उसासा टाकला. "एवढ्या वेळात आमची बोट माल उतरवून परत निघाली असती." मग नायकाला ट्रकने उडवलं आणि त्याची स्मृती गेली. "डोक्याला मार लागला की हे लोक नेमकी आवडती बाईच कशी विसरतात? गाडी चालवायला विसरत नायत."

काकी कोपऱ्यात टीव्हीकडे पाठ करून फणसाच्या आठळ्या सोलत बसायच्या. "मला नाय कळत त्यातलं," म्हणायच्या. नवव्या भागात काका मला समजावून सांगत होते, "ही त्याची मावशी, हिनेच कारस्थान केलान." तेवढ्यात मागून आवाज आला, "मावशी नव्हे ती. सावत्र आई. मावशी निळ्या कोटातली, ती बरी आहे बिचारी." आम्ही दोघांनी मान वळवली. काकी आठळ्या सोलतच होत्या. दुसऱ्या दिवशी त्यांची खुर्ची टीव्हीसमोर आली, आणि त्या घरात गॅस आणि ढग सोडून तिसऱ्या विषयावर बोलणं सुरू झालं. दुपारी जेवतानासुद्धा दोघं सावत्र आईला शिव्या घालत.

घात केला चौदाव्या भागाने. नायिकेचं भलं व्हावं म्हणून नायक तिला काही न सांगता दोन वर्षांसाठी परदेशी निघून गेला. काका खूश झाले. "हा गुण! सांगितलं असतं तर ती रडली असती, आणि हा विमानतळावरच अडकला असता."

काकींनी विळी आडवी केली. "ती रडली असती, असं तुम्हाला कोणी सांगितलं?"

"रडतातच बायका."

"तुम्ही एका वर्षी मुंबईला एका बोटीवरून उतरलात आणि तिथूनच दुसरीवर चढलात. मी इथे नारळ खवून, रस आटवून वाट बघत बसलेली. तुमचं पत्र आलं आठ दिवसांनी."

काका गडबडले. "अगो, छप्पर करायचं होतं घराचं. गळत होतं. तुझ्यासाठीच गेलो ना?"

"मला विचारलंत? मी म्हटलं असतं, गळू दे."

एवढं बोलून त्या उठल्या. सकाळी पहिल्या एसटीने बहिणीकडे देवरुखला गेल्या. "तिला आठळ्या द्यायच्यात," एवढंच मला म्हणाल्या. परत कधी येणार ते बोलल्या नाहीत.

माझ्या हातचं जेवून काकांनी एकही दोष काढला नाही, तेव्हा मला काळजी वाटायला लागली. "पंधरावा भाग लावू का?" मी विचारलं.

"नको. तिच्याशिवाय नाय बघायचा." थोड्या वेळाने म्हणाले, "मावशी कुठली आणि आई कुठली, मला कळत नाय."

रविवारी त्यांनी मला रिक्षा सांगायला लावली. देवरुखपर्यंत रिक्षा! प्लास्टरचा पाय सीटवर आडवा, मी ड्रायव्हरशेजारी अंग चोरून. हातखंब्याला चहा घेऊ म्हटलं तर नको म्हणाले. सबंध वाटेत ओठ हलत होते. काय बोलायचं त्याची तयारी चालली असावी.

बहिणीच्या अंगणात रिक्षा थांबली आणि काकांना उतरताच येईना. पाय अडकला. काकी, त्यांची बहीण, मेहुणे आणि शेजारच्या दोन बायका, सगळे बघत उभे. काकांची तयारी कुठल्या कुठे गेली. रिक्षातूनच म्हणाले, "विचारायला हवं होतं. चुकलं माझं."

"तेव्हाचं आज सांगायला आलात?" काकी म्हणाल्या.

"फोन होता गो मुंबईच्या गोदीत. मी रांगेत उभाही राहिलो. माझा नंबर आला, आणि मी मागच्याला पुढे सोडलं." काका प्लास्टरकडे बघत होते. "तू नको म्हणाली असतीस, तर मी गेलो नसतो. म्हणून नाय केला फोन."

काकींनी पदराला हात पुसले, पुढे येऊन काकांचा पाय नीट उचलला आणि म्हणाल्या, "आधी उतरा. उपाशी निघाला असाल."

शेवटचे दोन भाग आम्ही तिघांनी घरी येऊन बघितले. नायक परत आला, दारात उभा राहिला, आणि नायिकेने तिथल्या तिथे त्याला मिठी मारली. "फार लवकर माफ केलान," काकी म्हणाल्या.

पुढच्या वर्षी मला बढती मिळाली, ती गोंदियाला. माझा नवरा नोकरीमुळे सांगलीला असतो, आम्ही पंधरा दिवसांनी भेटायचो. आता तेही जमणार नव्हतं. संमतीचं पत्र त्याच दिवशी द्यायचं होतं. ऑफिसला निघताना फाटकात काकांना मी ही बातमी सांगितली.

"घरी काय म्हणाले?"

"अजून सांगितलं नाही. आधी सही करते, मग शांतपणे समजावीन. उगाच वाद नको."

काका फाटकाला पाठ लावून उभे राहिले. मला बाहेर जायला वाट उरली नाही. "फोन लाव," म्हणाले.

मी लावला. नवऱ्याने 'हॅलो' म्हटलं तेव्हा काका बाजूला झाले आणि आमचं बोलणं कानावर पडू नये म्हणून माडाखाली जाऊन, पाठ करून उभे राहिले. घराकडे वळून मात्र त्यांनी काकींना दबक्या आवाजात हाक मारली, "अगो, पाट्यावरचं वाटण थांबव जरा. तिला ऐकू येऊ दे तो काय म्हणतो ते."