त्यांचं त्यांना करू द्या

बोरी अरबच्या बाजारात रहमतभाईंचं गाद्या भरायचं दुकान होतं. लग्नसराईआधी शेतकरी घरचाच कापूस आणत आणि पोरीच्या आंदणाची गादी समोर बसून भरून घेत. मग कापसाची ती वाईट वर्षं आली. गावोगावची लग्नं पुढं ढकलली गेली. ज्यांची झाली, त्यांनी यवतमाळहून फोमच्या गाद्या नेल्या. पण रहमतभाईंचं दुकान बंद पडलं ते त्यामुळं नव्हे. त्यांचे हात चालेनासे झाले होते.

हे सगळ्यात आधी कळलं त्यांच्या बायकोला, हुस्नाबीला. तिनं कुणाला सांगितलं नाही. आधी ती आंघोळीचं पाणी काढून द्यायची, मग पाठ चोळून द्यायला लागली, पुढं अंगावर पाणीही तीच ओतू लागली. कुडत्याची बटणं लावायची, भाकर दुधात कुस्करून पुढ्यात ठेवायची. एकेक काम तिच्याकडे इतकं हळू सरकलं, की पलीकडच्या गल्लीत राहणाऱ्या मुलीला, नाहिदलाही, अब्बा होते तसेच वाटत.

रहमतभाईंची पोटदुखी थांबेना तेव्हा नाहिदनं दोघांना यवतमाळला दवाखान्यात नेलं. मोठ्या आतड्यात गाठ निघाली. ऑपरेशनचं ठरवण्याआधी डॉक्टर बाई वेगळंच काही विचारू लागल्या. आंघोळ कोण घालतं? कपडे कोण चढवतं? संडासला एकटे जातात का? खाटेवरून उठताना कुणाला धरावं लागतं?

हुस्नाबीला वाटलं, खरं सांगितलं तर हे लोक ऑपरेशन न करता म्हाताऱ्याला वाऱ्यावर सोडतील. प्रत्येक वेळी ती एवढंच म्हणाली, की सगळं स्वतःच करतात. रहमतभाई छताकडे बघत पडून होते.

पोट तपासून झाल्यावर डॉक्टर बाईंनी त्यांना उठून कुडतं घालायला सांगितलं. ते हलायच्या आत हुस्नाबीचा एक हात त्यांच्या पाठीखाली गेला होता, दुसऱ्या हातानं तिनं बाही उघडून धरली होती. तिच्या ते ध्यानातही आलं नाही.

डॉक्टर बाई हळूच म्हणाल्या, "चाची, त्यांचं त्यांना करू द्या."

ती मागं सरकली. रहमतभाई कुशीवर वळले आणि परत पाठीवर पडले. शेवटी नाहिदनं उठवून बसवलं. बटणाशी बोटं झटत राहिली, एकही बटण लागलं नाही. मुलीकडे न बघता ते म्हणाले, "वर्ष झालं. माहं सगळं हिच्याच हातानं चालू आहे."

नाहिद तोंडावर ओढणी घेऊन रडली. डॉक्टर बाईंनी खुर्ची जवळ ओढून सगळं सावकाश समजावलं. एवढं थकलेलं शरीर ऑपरेशन झेलणार नाही, झेललंच तर पुन्हा खाटेवरून उठणार नाही. त्यापेक्षा दुखणं थांबवू आणि जे अजून जमतं ते टिकवू. मग त्यांनी रहमतभाईंनाच विचारलं, तुम्हाला काय पाहिजे?

"संडासले माह्या पायानं जाता आलं पाह्यजे," ते म्हणाले. "बस."

कुशीवर होऊन पाय खाली सोडायचे आणि हाताच्या रेट्यानं उठायचं, हे डॉक्टर बाईंनी शिकवलं. नाहिदनं खाटेपासून संडासपर्यंत भिंतीला बांबू बांधून घेतला. हुस्नाबीला डॉक्टर बाईंनी बजावलं होतं, हाक आल्याशिवाय जायचं नाही. तेच तिला सगळ्यात जड गेलं. ते उठू लागले की ती चुलीपाशी पदराखाली हात दाबून बसायची. एकदा ते भिंतीवर आदळले. ती धावली, तर त्यांनी पंजा दाखवून तिला थांबवलं. मग बांबूला धरून सावरले आणि पुढं गेले.

थंडी सरेपर्यंत ते असेच जात राहिले. कधी परत येऊन दमल्या चेहऱ्यानं हसायचे. पुढं उठणं बंद झालं. एका दुपारी नाहिद चमच्यानं पाणी पाजत असतानाच ते गेले. जास्त तडफडले नाहीत, असं सगळे म्हणाले.

हुस्नाबी मात्र रोज नाहिदकडे जाऊन एकच विचारायची. त्या दिवशी माझा हात पुढं गेला नसता, तर डॉक्टर बाईंनी ऑपरेशन केलं असतं ना? नाहिद समजावायची, ऑपरेशननं ते लवकर गेले असते, हे एवढे दिवस निदान आपल्या पायानं चालले तरी. हुस्नाबी ऐकून घ्यायची, मान हलवायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच विचारायची.

पुढं पुढं नाहिदनं समजावणं सोडलं. आईनं विचारलं की ती हातातलं काम ठेवायची आणि तिच्याजवळ जाऊन बसायची.