वकील अण्णांचा क्लच

उभ्या धारवाडात हळू जाणं जमत नसलेला एकच माणूस होता, आणि तो नेमका आमच्या शेजारी राहत होता. तसे वकील अण्णा स्वभावाने अगदी मवाळ, कोर्टात तारखेवर तारीख घेण्यात पटाईत. घाई होती ती त्यांच्या गाडीला. सत्तरच्या दशकात आमच्या गल्लीत नवी स्कूटर आली तरी माणसं बघायला जमत. तेव्हा अण्णांनी एका कॉफीमळेवाल्याकडून दोन दारांची लाल विलायती स्पोर्ट्स कार घेतली, आणि तेवढ्यावर समाधान न होऊन मुंबईहून शर्यतीच्या गाडीचा क्लच मागवून तिला बसवला. तो दाबायला डाव्या पायात पैलवान हवा, आणि सुटायचा तो एकदम. गाडी एक तर उभी, नाहीतर उधळलेली. अण्णांची डावी पोटरी इतकी फुगली की पँटचं माप घेताना शिंप्याने विचारलं, "अण्णा, हा पाय कुणाचा?"

आमच्याकडे रस्त्यात ओळखीचं कुणी दिसलं की 'ऊट आयतु?', म्हणजे जेवण झालं का, हे विचारल्याशिवाय पुढे जायची पद्धत नाही. अण्णाही थांबून विचारत, पण उत्तर येईपर्यंत गाडी उडी मारून पुढच्या चौकात गेलेली असे. मग माणसं परतीच्या वाटेवर उभी राहून "जेवलो हो अण्णा!" असं ओरडून सांगत. "साधा क्लच बसवा की," मी दहादा म्हटलं. "असं कसं? हा क्लच म्हणजे होय तर होय, नाही तर नाही. असा एक साक्षीदार मला कोर्टात मिळाला नाही बघ!"

सुमा ही त्यांची एकुलती एक लेक, आईवेगळी, अण्णांनीच वाढवलेली. तिचं सासर हुबळीजवळच्या उणकलचं. वरात आपल्याच गाडीतून, आणि गाडी आपणच चालवणार, हा अण्णांचा हट्ट. मुलीचा बाप वरातीत ड्रायव्हर, हे कुणी कधी बघितलं नव्हतं. उणकलच्या वेशीवर बँड सुरू झाला, अण्णांनी क्लच सोडला, आणि क्लॅरिनेटवाला गटारात, तर नवरदेवाचा फेटा अण्णांच्या मांडीवर! मागून सुमा हसत ओरडली, "अप्पा, साकु, साकु! पुरे!" शेवटी वऱ्हाडाने गाडी ढकलत सासरच्या दारात नेली.

वर्षभराने सुमाला पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आणायचं होतं. व्याह्यांचा निरोप आला, "मुलगी पाठवतो, पण त्या गाडीतून नाही." आता टॅक्सी करणं आलं, असं आम्ही धरून चाललो. पण अण्णांनी हुबळीच्या मिस्त्रीकडे जाऊन साधा क्लच बसवून घेतला आणि सुमाला इतक्या हळू आणलं की वाटेत एका बैलगाडीने त्यांना मागे टाकलं. ती मागच्या सीटवर गाढ झोपली होती. वाटेत भेटलेल्या प्रत्येकाचं जेवण अण्णांनी पहिल्यांदाच भाजी-भाकरीसकट ऐकून घेतलं. "सुमा परत गेली की जुना क्लच बसवणार," असं मात्र ते बजावत होते.

नात तीन महिन्यांची झाल्यावर अण्णा दोघींना उणकलला पोचवून आले. गाडी गल्लीत कधी शिरली, मला कळलंही नाही. बाहेर आलो तर अण्णा इंजिन बंद करून गाडीतच बसलेले, डावा पाय क्लचवर दाबून धरलेला. मी खिडकीशी वाकून विचारलं, "अण्णा, ऊट आयतु?"

पाय क्लचवरून न काढताच ते म्हणाले, "नाही रे. एकट्यापुरती चूल पेटवावीशी वाटत नाही बघ."

मी दार उघडलं आणि त्यांना आमच्याकडे जेवायला घेऊन आलो. जुना क्लच त्यांनी पुन्हा कधीच बसवला नाही.