ह्यांचा उतार

तानी कंबरेपर्यंत गाळात गेली तेव्हा मी काठावर भाकरी सोडत होते. घाबरली की ती आधी शिवी देते, म्हणून मला कळलं. मी पदर फेकला, तो पोचला नाही. पुढे गेले असते तर दोघी रुतलो असतो. जागेवर उभी राहून ओरडले.

सकाळी आम्ही बहिणी कवठे येमाईहून एसटीनं शिरूरला आलो. स्टँडवर भजी खाल्ली, तेलकट होती. तिथून वडापच्या जीपनं इनामगाव. कारण नकाशा. नातीनं मोबाइलवर घोड नदीचा जुना नकाशा काढला आणि त्यातली इंग्रजी अक्षरं वाचली, ‘ह्यांचा उतार’. उतार (नदी पायी ओलांडायची जागा) ह्यांचा कसा, म्हणून ती हसली. मला हसू आलं नाही.

ती वाट माझ्या बापानं मेंढरांसाठी शोधलेली. लोक म्हाळूचा उतार म्हणत. एका पावसाळ्यात लोंढा आला आणि बाप तिथंच गेला. पुढे सरकारी साहेब दुर्बीण लावून सगळं खोरं मोजत आले. त्यांनी आईला जागेचं नाव विचारलं. नवरा मेला तरी त्याचं नाव ती कसं घेणार? ‘ह्यांचा उतार,’ म्हणाली. साहेबानं तेच लिहिलं.

तानीनं बापाला पाहिलेलं नाही. निदान जागा तरी बघायची, हा तिचा हट्ट. आता बंधाऱ्याचं पाणी तुंबतं, तळाला गाळ साचलाय, हे दोघींच्याही ध्यानात आलं नाही.

माझ्या ओरडण्यानं जाळं टाकणारा एक भोई धावत आला. त्यानं दावं फेकून तानीला ओढून काढलं.

“आज्जी, ह्या वयात पवायला आलाय व्हय?”

“पवायला न्हाई. बापाला भेटायला,” तानी म्हणाली. तिची एक चप्पल गाळातच राहिली.

मी विचारलं, “ह्यांचा उतार हाच का?”

“हाच. ल्हानपनापासून तेच ऐकतोय. पर ह्यांचा म्हंजी कुनाचा?”

“म्हाळूचा,” तानी म्हणाली. मग पाण्याकडं तोंड करून पुन्हा एकदा म्हणाली.

तिघांनी भाकरी खाल्ली. परतीच्या जीपमध्ये तानीनं विचारलं, “कसा दिसायचा गं?” मला चेहरा आठवत नाही. ओल्या घोंगडीचा वास आठवतो. तेवढंच सांगितलं.

त्या दिवशी उतारात आम्ही सगळे होतो. बाप गेला. आई वाचली, मी वाचले, आणि आईच्या पोटातली तानी वाचली.