गोरखच्या ठिणग्या

तर कडबाकुट्टीच्या मोटरपर्यंत आलो होतो, नाही का? नव्यानं आलेल्यांसाठी जरा मागून सांगतो, ऐका.

ओतूरचा हा गोरख सुऱ्या करतो. बापानं जन्मभर कानशीनं घासून केल्या, पण ह्याला पट्ट्याचा ग्राइंडर पाहिजे. नारायणगावच्या दुकानदारानं दोन दाखवले. एकाचा वेग कमी-जास्त करता येत होता, दुसरा एकाच वेगानं बोंबलत होता. ह्या पठ्ठ्यानं बोंबलणारा उचलला आणि घरी आणून, जनावरांचा चारा कापायच्या कडबाकुट्टीची मोठी मोटर जोडून, आणखी सुधारला! पट्टा असा पळायचा की ठिणग्या पार रस्त्यावर. लोक एसटी सोडून बघत उभे राहायचे, आणि गोरख काळा चष्मा लावून नवरदेवासारखा मिरवायचा. पण पातं तापून निळं पडायचं. निळं पडलेलं पोलाद मऊ होतं, हे लोहाराच्या पोराला सांगावं लागतं, राव!

कांद्याची पात कापणाऱ्या बायांच्या टोळीच्या सुऱ्या दर हंगामात गोरखच्याच. यंदा पहिला वाफा संपायच्या आत त्या बोथटल्या. टोळीची मुकादम रतनबाई आली आणि घमेलंभर सुऱ्या तिनं त्याच्यापुढं ओतल्या.

"मुडद्या, हिनं केळंबी कापत न्हाई! पट्टा हळू कर, पातं मधी मधी पाण्यात बुडीव. न्हाईतर उद्यापासनं आमी नारायणगावच्या सुऱ्या घेतो."

अख्खी टोळी हातची चालली होती. मला वाटलं, आता तरी शहाणा होईल. गोरखनं चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणाला, "मावशी, पट्टा हळू केला तर ठिणग्या उडायच्या न्हाईत. मग माझ्या दुकानाकडं बघंल कोण?"