अडवलेलं पत्र

माझी सून कल्पना एका कॉलेजच्या ईमेलचं काम बघते. काल तिच्या स्क्रीनवर बऱ्याच पत्रांपुढे लाल अक्षरांत ‘संशयित’ असं लिहिलेलं दिसलं.

“फसवी आहेत तर दारातच अडव की. एवढी शिकलीस कशाला?” मी म्हटलं.

“सगळीच फसवी नसतात, आई. मी नुसती खूण करते आणि पुढे पाठवते. एखादं खरं पत्र अडवलं, तर ते आलं होतं हेसुद्धा त्या माणसाला कळत नाही.”

मला एक जुनं कार्ड आठवलं.

पूर्वी मृत्यूचं कार्ड वाचून लगेच फाडायचे, घरात ठेवत नसत. माझी आई गेल्याचं कार्ड आलं तेव्हा घरात दिराचं लग्न होतं. सासऱ्यांनी ते ओसरीवर वाचून फाडलं आणि मांडव उतरल्यावर मला सांगितलं. माणूस वाईट नव्हता. लग्नघरात रडारड नको, एवढंच त्यांना वाटलं. पण ते रडू माझं होतं, ते कधी रडायचं हे मी ठरवायला हवं होतं.

कुणी लांबचं गेलं असेल, असं समजून ते तुकडे त्या दिवशी मीच झाडून बाहेर टाकले आणि हळदीची गाणी म्हणायला आत गेले.