जाहिरातीखालचा माणूस

वेबसाईटचं पान दिसतं सपाट, पण ते सपाट नसतं. हे मला आजवर कुणालाच धड समजावता आलेलं नाही, आईला तर नाहीच. तिच्या लेखी मी टायपिंग करायचे. मी करायचे ते असं: बातमीचा डबा कुठं बसेल, फोटोचा कुठं, जाहिरातीचा कुठं, ते आखायचं आणि कुणाच्या वर कोण चढेल ते ठरवायचं. प्रत्येक डब्याला एक आकडा. मोठ्या आकड्याचा वर, लहान आकड्याचा खाली. खालचा कुठं जात नाही, तिथंच असतो, झाकलेला. हे एकदा साच्यात, म्हणजे टेम्प्लेटमध्ये, लिहून ठेवलं की साईटच्या झाडून सगळ्या पानांवर तसंच घडतं.

आमचं ऑफिस जालना रोडच्या मागच्या गल्लीत, टायरच्या दुकानावर. बातम्यांची छोटी वेबसाईट. साहेब आधी सायबर कॅफे चालवायचे, तो बंद पडला तेव्हा हे सुरू केलं. पाऊस सलग दोन वर्षं दगा देऊन गेला होता. बातम्या सगळ्या टँकरच्या आणि जाहिराती सगळ्या प्लॉटच्या. प्यायला पाणी नाही तिथं एवढी घरं कोण बांधणार, असं मी एकदा विचारलं, तर साहेब म्हणाले, "तू डबे आख." मला असला राग आला होता! पण आखले.

उन्हाळा लागता लागता वैजापूरकडची एक बाई जिना चढून आली. मेंढपाळाची बायको, चाळिशीतली. डोक्यावर पदर, हातात प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला फोटो. तिचा नवरा मेंढरं घेऊन पाण्याच्या शोधात गेला होता. संध्याकाळी मेंढरं आली, कुत्रं आलं, तो आला नाही.

"समद्या विहिरी धुंडल्या, ताई," ती म्हणाली. "कोरड्याच हायेत, आत बघायला वेळ लागत नाय."

 भाजीचा भाव सांगावा तशी सांगत होती. पोलिसांत देऊन झालं होतं. आता सासरचे म्हणत होते, माणूस गेला; येत्या पितरपाटात त्याचं पान वाढून टाकू, मेलेल्याला जेवू घालतात तसं, आणि तुझं कुंकू पूस.

"मी नाय म्हनते का? गेले असतील तर पुसते. पण कुनाच्या जोरावर पुसू? माणूस हाय का नाय, एवढं तरी कळू द्या मला."

फोटो कुणाच्या तरी लग्नातल्या घोळक्यातून कापलेला होता. पागोटं, सरळ कॅमेऱ्यात रोखलेले डोळे, आणि खांद्यावर दुसऱ्याच कुणाचा तरी हात. मनगटापासून कापलेला, नुसताच हात. मी म्हटलं, मावशी, हा हात पुसून टाकू का? ती म्हणाली, राहू द्या.

मी पानाच्या खालच्या कोपऱ्यात चौकोन बसवला. "बेपत्ता", खाली फोटो, त्याखाली ऑफिसचा नंबर, कारण तिच्या घरचा फोन दिराच्या ताब्यात असायचा. पान कितीही वर-खाली सरकवा, चौकोन जागचा हलणार नाही, असा ठोकून बसवला. साहेबांनीही पैसे मागितले नाहीत. तसा माणूस वाईट नव्हता.

महिना-दीड महिना गेला. ती अधूनमधून जिना चढून यायची, काही कळलं का विचारून जायची. फोन आले ते सगळे टाइमपास करणाऱ्यांचे. मग करमाडच्या पुढच्या एका मोठ्या प्लॉटिंगची जाहिरात आली आणि त्यांना नेमका तोच कोपरा हवा होता. सगळ्या पानांवर, कायमचा.

"तो बेपत्ता काढ आता," साहेब म्हणाले.

"थोडे दिवस राहू द्या ना, सर."

"अगं, तुझा पगार काय तो माणूस देणार आहे?"

मी तावातावानं कीबोर्ड ओढला. काढायचं म्हणजे साच्यातल्या चार ओळी पुसायच्या. बोट डिलीटच्या बटणावर गेलं आणि माझ्याच्यानं काही ते होईना. तिच्या सासरच्यांना जे करायचं होतं, तेच मी ऑफिसात बसून करत होते. मग मी त्याचा आकडा कमी केला, बस्स. जाहिरात वर, तो खाली. बरोब्बर एकावर एक. ऑफिसात उघडलं तर नुसते हिरवेगार प्लॉट दिसले. साहेब खूश. जाहिरातीच्या डब्याला मागून पांढरा रंग भरला असता तर तो कुणालाच कधी दिसला नसता. मी भरला नाही.

आठवड्याभरात खुलताबादहून एका दुकानदाराचा फोन आला. "मॅडम, तुमचं पान उघडलं का एक माणूस येतो. बघतो अन जातो. काय भानगड हाय?"

भानगड साधी होती. त्याचा फोटो हलका, पटकन उतरायचा. जाहिरातीचं चित्र जड, ते मागाहून यायचं. तेवढ्या वेळात तो दिसायचा. ऑफिसचं इंटरनेट जोरात, तिथं तो डोळ्यांना लागतही नव्हता. मी हे दुकानदाराला सांगत बसले नाही. बघते म्हणाले.

मग आमचा जाहिराती गोळा करणारा पोरगा परतला, तोंड उतरलेलं. "मॅडम, मोंढे के पास पार्टी को साईट दिखा रहा था मैं. पहले वो पगडीवाला बाबा निकला. पार्टी बोली, ये प्लॉट पे कोई मरा है क्या?" मी हसले. नंतर वाटलं, हसायला नको होतं.

त्या उन्हाळ्यात वीज पुष्कळ जायची. खेड्यांतले टॉवर बंद पडायचे, नेटवर्क कासवाच्या गतीनं चालायचं. जितकं गाव कोरडं, तितका तो जास्त वेळ थांबायचा. फोनवर लोक सांगायचे, आज बराच वेळ होता हो. कुणी म्हणायचं, डोळे हलले. कुणी म्हणायचं, त्या खांद्यावरच्या हातानं त्याला मागं ओढून नेलं. शहरात मात्र कुणाला तो दिसतच नव्हता. साहेबांनी दोनदा विचारलं, कोण बाबा, कसला बाबा? मी म्हटलं, लोकांना उन्हाचं काहीही दिसतं, सर.

खरं सांगायचं तर मला भीती वाटायला लागली होती. त्याला मीच तिथं बसवलंय हे मला ठाऊक, कुठल्या ओळीत ते ठाऊक, तरी भर दुपारी पंखा बंद पडून घामाघूम झालेलं असताना पान उघडायला नको वाटायचं. बातमी कसलीही असो, लग्नाची, क्रिकेटची, खाली तो आहे हे मनातून जाईना.

पोळ्याच्या आसपास फोन वाजला. पुरुषाचा आवाज, खरखरीत, दबका.

"तो फोटू काढा, मॅडम."

"कुठला फोटो?"

"जाहिरातीच्या खालचा."

एक माणूस येतो आणि जातो, एवढंच लोक सांगायचे. जाहिरातीच्या खाली आहे, असं आजवर कुणी म्हणालं नव्हतं. मी विचारलं, तुम्ही कोण?

"माझाच हाय तो," तो म्हणाला. "खांद्यावर हात हाय ना, तो माझ्या मेव्हण्याचा."

 तो त्याच प्लॉटिंगवर राखणदार होता. तिथं नेटवर्क कमी. गिऱ्हाईकं येतात, जाहिरात उघडतात, आधी फोन बघतात, मग त्याच्याकडं बघतात. आता त्याला रोज पागोटं काढून ठेवावं लागत होतं.

"अहो, तुमची बायको इथं जिने झिजवतेय! घरी जा ना!"

"तिथं जाऊन काय बघू? रोज एक मेंढरू मरायचं." मग म्हणाला, "इथं शोभेच्या गवताला टँकर येतो. मला इथं बरं हाय. तिला काय सांगू नका. तेवढा फोटू काढा."

मी फोन आपटला. 

पुढच्या खेपेला ती आली तेव्हा मी सगळं सांगितलं. का नाही सांगणार? त्याचं गुपित सांभाळायला मी कोण त्याची? तिनं शेवटपर्यंत ऐकलं. एवढंच विचारलं, "खोकत व्हता का?"

"नाही, मावशी."

"आन हात कुनाचा म्हणाला?"

"मेव्हण्याचा."

"माझ्या भावाचाच हाय." तिनं तांब्यातलं पाणी घोटभर प्यायलं आणि उरलेलं तसंच ठेवलं. मला वाटलं, आता रडेल. मी खुर्ची पुढं ओढली.

"घरी मी कुनाला सांगनार नाय," ती म्हणाली. "वाढू द्या त्यांना पान. मीच रांधते."

"मावशी, अहो, तो जिवंत आहे!"

"व्हय की. म्हनून तर." ती उठली, पदर सारखा केला. "फोटू काढू नका, ताई. त्याला दिसू द्या."

पितृपक्षात तिनं स्वयंपाक केला. खीर, वडे, त्याला आवडायची ती आंबट कढी. जाहिरातवाल्या पोराच्या फोनवर तिनं कुणाकडून तरी निरोप पाठवला होता, पार पडलं म्हणून.

त्यानंतर दुपारच्या वेळी पुन्हा फोन वाजला. तोच आवाज.

"मॅडम, फोटू अजून तिथंच हाय."

"कुणाचा?"

"माझा. मेंढरंवाल्याचा. बेपत्ता."

"तो माणूस वारला," मी म्हटलं. "घरच्यांनी त्याचं पान वाढलं. बायकोनं कुंकू पुसलं."

पलीकडून नुसता पाण्याचा आवाज येत होता, गवतावर पाईप सोडल्यासारखा. फोन कट झाला असेल म्हणून मी कानापासून काढणार, तेवढ्यात त्यानं विचारलं, "कव्हा?"

"परवा."

"बरं," तो म्हणाला.