घोडीवरून दिसलेलं जग

उद्या मला बघायला पाहुणे येणार, म्हणून आईनं पेटीतली घोंगडी उन्हात टाकली. मेंढरांचा तो उबट वास नाकात शिरला आणि मी पुन्हा पाच वर्षांची झाले.

तेव्हा आम्ही दिवाळीनंतर मेंढरं घेऊन शिरूरहून कोकणात उतरायचो. घोडीच्या पाठीवर बिऱ्हाड, बिऱ्हाडावर दोरीनं बांधलेली मी, आणि माझ्या मांडीवर नुकतंच जन्मलेलं कोकरू. त्याचा दुधाळ श्वास हाताला लागायचा. त्या वर्षी एका सकाळी घाटाच्या तोंडाशी धुकं विरलं. खाली डोंगरांमागं डोंगर, निळे निळे, संपतच नव्हते.

मी वडिलांना विचारलं, "आप्पा, त्याच्या म्होरं काय हाय?"

"लई जग हाय. पर आता हिंडणं बास. औंदा मेंढरं इकू. तू साळंत जा, शिक, मंग समदं बघशील."

मला ती सुरुवात वाटली होती. तेवढंच जग माझ्या वाट्याचं होतं, हे आता कळतंय.

मेंढरं विकली. मी बारावी झाले, अठरावं सरलं, आणि दौंडच्या पुढं कधी गेले नाही. सकाळी आप्पांना म्हटलं, "मला पुढं शिकायचंय." ते घोंगडी झटकत राहिले.

उद्याच्या पाहुण्यांचं घर आमच्या गच्चीवरून दिसतं.